कोराडीतल्या कोळशाच्या जागी फ्यूजन: गाडं नेमकं कुठं अडलंय?

मानकापूर_फिजिक्स

नमस्कार मंडळी. बारावीच्या पोरांसमोर फ्यूजनवर दोन तास बोलायचं आहे. "हलकी केंद्रकं एकत्र येतात, वस्तुमान घटतं, ऊर्जा मिळते" इथवर पुस्तक नेतं, पोरं त्याच्या पुढचं विचारतात. त्यांचेच प्रश्न टाकतो:

१. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश पुरतात, मग पृथ्वीवर पंधरा कोटी काहून लागतात?
२. २०२२ मध्ये अमेरिकेत "घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा निघाली" अशी बातमी होती. मग वीज का नाही?
३. इंधन पाण्यातून जवळपास फुकट मिळतं, हे खरं का?
४. सगळं जमलं असं धरलं, तर कोराडीच्या ६६० मेगावॅट संचाच्या जागी फ्यूजनचा संच बसेल का?

कृपया आकडे देऊन सांगा. "अमर्याद स्वच्छ ऊर्जा" हे त्यांना आधीच पाठ आहे.

धंतोली_प्लाझ्मा

सर, पहिला प्रश्न नीट बसला की पुढचे सोपे जातात, म्हणून त्यावर जरा थांबतो.

दोन्ही केंद्रकं धनभारित. जवळ आली की एकमेकांना ढकलतात. प्रबळ केंद्रकीय बल काही फेम्टोमीटरच्या आतच काम करतं, तिथवर पोचायला मध्ये विद्युत प्रतिकर्षणाचा डोंगर आहे. ड्यूटेरियम-ट्रिशियमच्या (हायड्रोजनच्या दोन जड समस्थानिकांच्या, थोडक्यात डी-टीच्या) जोडीसाठी त्याची उंची सुमारे ४०० किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट. पंधरा कोटी अंशांना कणांची औष्णिक ऊर्जा मात्र १३ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. म्हणजे सरळ डोंगर चढून जाईल असा कण जवळपास नाहीच. तरी अभिक्रिया होते. एक तर सगळे कण सारख्या वेगाचे नसतात, काही थोडे सरासरीच्या कितीतरी पट वेगवान असतात. आणि दुसरं म्हणजे पुंजयांत्रिकीमुळे कण डोंगर न चढता त्याच्या आरपार निघून जाऊ शकतो, त्याला आपण टनेलिंग म्हणतो. तापमान वाढलं की या दोन्ही गोष्टी झपाट्यानं वाढतात.

आता सूर्य. तिथं साधा हायड्रोजन जळतो आणि पहिल्याच पायरीला दोन प्रोटॉनांच्या टकरीत एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हावा लागतो. ते काम दुर्बल बलाचं, त्यामुळे भयंकर संथ. गाभ्यातल्या एका प्रोटॉनला सरासरी अब्जावधी वर्षं वाट पाहावी लागते. गाभ्याच्या एका घनमीटरमधून निघणारी शक्ती पावणेतीनशे वॅटच्या आसपास! माणसाचं शरीर तेवढ्याच आकारमानात याच्या कितीतरी पट उष्णता देतं. सूर्य तळपतो तो त्याच्या अजस्र आकारामुळे. हीच कृती खोलीएवढ्या यंत्रातल्या विरळ प्लाझ्मात केली तर चहाचं आधणही उकळणार नाही.

म्हणून आपण अभिक्रियाच बदलतो. ड्यूटेरियम + ट्रिशियम → हेलियम-४ + न्यूट्रॉन, एकूण १७.६ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्ट. यात दुर्बल बलाची भानगड नाही. त्यातले ३.५ हेलियमला आणि १४.१ न्यूट्रॉनला मिळतात. ही वाटणी पोरांकडून फळ्यावर काढून घ्या: संवेग समान, वस्तुमानं ४ : १, म्हणून ऊर्जा १ : ४. या एका ओळीत फ्यूजनचं सगळं सुखदुःख आहे. हेलियमला विद्युतभार आहे, तो चुंबकीय क्षेत्रात अडकून राहतो आणि प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला तापलेला वायू, गरम ठेवतो. न्यूट्रॉनला भार नाही. तो ऐंशी टक्के ऊर्जा घेऊन सेकंदाला ५२ हजार किलोमीटर वेगानं सरळ भिंतीत घुसतो. वीज करायची ती त्याच्याकडून, आणि यंत्राचं नुकसान होतं तेही त्याच्याचमुळे.

नुसतं तापमानही पुरत नाही. घनता × तापमान × ऊर्जा धरून ठेवण्याचा काळ, या गुणाकाराचा उंबरठा डी-टीसाठी सुमारे ३ × १०^२१ (किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट × सेकंद प्रति घनमीटर) आहे. घनता घनमीटरला १०^२० कण आणि तापमान १५ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट धरलं तर काळ येतो दोन सेकंद.

इथं एक चूक फार होते. हा दोन सेकंदांचा काळ म्हणजे प्लाझ्मा किती वेळ पेटता राहिला ते नव्हे. तापवणं बंद केलं तर उष्णता किती वेळात ओसरेल, तो हा काळ. चीनच्या ईस्ट या यंत्रानं जानेवारी २०२५ मध्ये १,०६६ सेकंद आणि फ्रान्सच्या वेस्ट या यंत्रानं फेब्रुवारीत १,३३७ सेकंद प्लाझ्मा टिकवला, ते विक्रम वेगळ्या गोष्टीचे. मोठेच आहेत, पण त्या यंत्रांत डी-टी इंधन नव्हतं. बातमी वाचून पोरं या दोन काळांची गल्लत करणार, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

त्रिमूर्तीनगर_०७

हायड्रोजन बॉम्ब तर १९५२ मध्येच झाला ना? मग सत्तर वर्षांत भट्टी का नाही?

धंतोली_प्लाझ्मा

भाऊ, त्यात फ्यूजन पेटवायला आधी विखंडनाचा बॉम्ब फोडावा लागतो. त्याच्या प्रारणानं इंधन चेपलं जातं आणि सगळं क्षणार्धात उडून जातं. भट्टीत तीच गोष्ट भांडं शाबूत ठेवून, दिवसरात्र, ठरलेल्या मापात करायची आहे.

टोकामाक_नोंदवही

यंत्रात एक "शॉट" कसा लागतो ते क्रमानं सांगतो. पोरांना इथं सगळ्यात जास्त रस येतो. उदाहरण फ्रान्समधल्या कादाराश इथं उभं राहत असलेल्या ईटर या आंतरराष्ट्रीय प्रायोगिक टोकामाकचं घेतो. टोकामाक म्हणजे चुंबकीय क्षेत्रानं प्लाझ्मा कड्याच्या आकारात धरून ठेवणारं यंत्र.

आधी निर्वात. नुसती हवा काढून भागत नाही, भिंतीत मुरलेलं पाणी आणि ऑक्सिजन बाहेर काढायला भांडं २०० अंशांच्या आसपास तापवून भाजून घेतात. मग चुंबक चालू. वेटोळ्याभोवती निओबियम-टिनच्या १८ अतिवाहक (विजेला रोध नसलेल्या) गुंडाळ्या, द्रव हेलियमनं उणे २६९ अंशांवर ठेवलेल्या. प्लाझ्माच्या मध्यावर क्षेत्र ५.३ टेस्ला. या क्षेत्राचा दाब काढला तर ११० वातावरणांच्या आसपास येतो, आणि तो धरून ठेवतो फक्त दोन-तीन वातावरणांचा प्लाझ्मा. प्लाझ्मा हवेपेक्षा अडीच लाख पटींनी विरळ असतो. पण इतका तापलेला की दाब हवेपेक्षा जास्त.

मग चिमूटभर वायू आत सोडतात. मध्यभागी उभी असलेली सोलेनॉइड गुंडाळी म्हणजे ट्रान्सफॉर्मरची प्राथमिक बाजू, आणि दुय्यम बाजू म्हणजे खुद्द प्लाझ्मा, एकाच वेढ्याची. सोलेनॉइडमधला प्रवाह बदलला की वायूत विद्युतदाब निर्माण होतो, वायू फुटतो, प्लाझ्मात प्रवाह वाहू लागतो. ईटरमध्ये तो दीड कोटी अँपिअरपर्यंत न्यायचा आहे. या प्रवाहाचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र मूळ क्षेत्राला पीळ देतं, सुंभाच्या दोरीसारखा. पीळ नसला तर इलेक्ट्रॉन एका बाजूला आणि आयन दुसऱ्या बाजूला सरकतात, मध्ये विद्युतक्षेत्र तयार होतं आणि अख्खा प्लाझ्मा बाहेरच्या भिंतीवर जाऊन आदळतो.

हा प्रवाह प्लाझ्माला हीटरच्या तारेसारखा तापवतो, पण थोडाच वेळ. तापमान वाढलं की प्लाझ्माचा रोध कमी होत जातो. कोटी-दोन कोटी अंशांना तो तांब्याच्या जवळ येतो आणि ही युक्ती संपते. पुढचं तापवणं बाहेरून करावं लागतं. वेगवान ड्यूटेरियमचा झोत मारतात, पण आधी त्याचा भार काढून त्याला उदासीन करून, नाहीतर चुंबकीय क्षेत्र त्याला वाटेतच वळवेल. जोडीला रेडिओ लहरी ४० ते ५५ मेगाहर्ट्झच्या, आणि सूक्ष्मलहरी १७० गिगाहर्ट्झच्या.

बिघडतं काय?

भिंतीचा कण आत गेला की बिघडतं. भिंत टंगस्टनची, कारण तो ३,४२२ अंशांना वितळतो. पण त्याचा अणू इतका जड की पंधरा कोटी अंशांनाही त्याचे सगळे इलेक्ट्रॉन सुटत नाहीत आणि तो क्ष-किरणांतून उष्णता बाहेर फेकत राहतो. दहा हजार आयनांमागे एखादा टंगस्टन पोचला तरी प्लाझ्मा पेटता ठेवणं मुश्किल होतं.

तळाला डायव्हर्टर आहे. प्लाझ्माची राख, म्हणजे हेलियम आणि वाया जाणारी उष्णता, तिथून बाहेर काढतात. तिथला भार दर चौरस मीटरला १० मेगावॅट, काही वेळा २०. मे महिन्यात भर दुपारी नागपूरच्या गच्चीवर जे ऊन पडतं ते चौरस मीटरला एक किलोवॅट. त्याच्या दहा हजार पट, तेही सतत. टंगस्टनचे ठोकळे तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्यांवर बसवून आतून दाबाखाली पाणी खेळवतात. जोड एका जागी सुटला तरी तो ठोकळा वितळायला लागतो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे डिसरप्शन. घनता मर्यादेपलीकडे गेली, किंवा प्रवाहात आतल्या आत गाठ पडली, की काही मिलिसेकंदांत सगळी उष्णता भिंतीवर येते. मागोमाग प्रवाह कोसळतो, त्यातून काही इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतात आणि भिंतीत एका ठिकाणी भोक पाडू शकतात. उपाय म्हणून निऑन आणि हायड्रोजनच्या बर्फाच्या गोळ्या फोडून त्यांचा चुरा आत मारतात, म्हणजे उष्णता एका जागी न पडता प्रारण होऊन सगळ्या भिंतीवर पसरते. प्रयोगशाळेत डिसरप्शन हा अभ्यासाचा विषय असतो. वीज केंद्रात वर्षाला दोन-चार झाले तरी संच दुरुस्तीलाच पडून राहील.

मानकापूर_फिजिक्स

फार उत्तम. भट्टी फुटण्याची भीती पोरं हमखास काढतात. त्याचं काय?

टोकामाक_नोंदवही

साखळी अभिक्रिया नाही, त्यामुळे हाताबाहेर जाण्याचा प्रश्न नाही. हिशोब करून दाखवा: घनमीटरला १०^२० कण, प्लाझ्मा ८०० घनमीटरच्या थोडा वर, कणाचं सरासरी वस्तुमान अडीच एकक. आतलं इंधन अर्धा ग्रॅमही भरत नाही. पुरवठा थांबला की काही सेकंदांत विझतं. धोके आहेत ते दुसरे. ईटरच्या चुंबकांत मिळून ५१ गिगाज्यूल ऊर्जा साठते, बारा टन टीएनटीच्या तोडीची. गुंडाळीचा तुकडा अतिवाहक राहिला नाही तर ही ऊर्जा ठरलेल्या रोधकांत वेळेत रिकामी करावीच लागते. दुसरा धोका ट्रिशियम गळण्याचा. तो पाण्यात मिसळतो आणि पाण्यावाटे शरीरात जातो.

बॉयलर_ते_बसबार

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा, कारण वीज केंद्रात शेवटी एकच मीटर बघतात: फाटकाबाहेर किती युनिट गेले.

५ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेच्या एनआयएफ या लेझर प्रयोगशाळेत १९२ लेझर झोतांनी इंधनाच्या बारीक गोळीवर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि ३.१५ मेगाज्यूल निघाली. बातमी खरी होती. विज्ञानाच्या दृष्टीनं फार मोठी होती. पण ते २.०५ मेगाज्यूल लेझरमधून निघालेल्या प्रकाशाचे. तो प्रकाश तयार करायला जाळ्यातून सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये तिथं ८.६ मेगाज्यूलपर्यंत मजल गेली, तरी हे अंतर मोठंच आहे. शिवाय वीज काढायची तर असे स्फोट सेकंदाला दहाएक वेळा हवेत, आणि दर वेळी नवी गोळी मिलिमीटरच्याही आत नेमकी मध्यावर यायला हवी.

टोकामाकचं बघा. इंग्लंडच्या जेट या टोकामाकनं १९९७ मध्ये २४ मेगावॅट तापवणीवर १६ मेगावॅट फ्यूजन दिलं. म्हणजे क्यू (मिळालेली फ्यूजन शक्ती भागिले तापवणीची शक्ती) ०.६७. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच यंत्रानं शेवटच्या फेरीत ६९ मेगाज्यूल काढले, त्यात इंधन जळलं फक्त ०.२ मिलिग्रॅम. ईटरचं ध्येय ५० मेगावॅटवर ५००, क्यू = १०.

आता हा क्यू = १० वीज केंद्र म्हणून मांडून बघू. उष्णता ५०० + ५० = ५५० मेगावॅट. ४० टक्के कार्यक्षमतेनं वीज २२०. तापवणीची उपकरणं जाळ्यातून घेतलेल्या विजेपैकी ४० टक्केच प्लाझ्मापर्यंत पोचवतात असं धरा, तर ५० मेगावॅटसाठी १२५ खर्च. हेलियमचं शीतकरण, पंप, निर्वात यंत्रणा, ट्रिशियम विभाग यांना ८०-१०० धरा. हाती शिल्लक जवळपास शून्य. म्हणून ईटरला टर्बाइनच नाही, तो प्रयोग आहे. वीज केंद्राला क्यू २५-३० च्या वर लागेल.

आणखी एक आकडा सांगतो, तो कोराडीच्या संदर्भात लगेच समजतो. ईटरला शॉटच्या वेळी तीस सेकंदांसाठी ६२० मेगावॅटपर्यंत वीज लागेल. कोराडीचा एक ६६० चा संच जवळपास पूर्णच त्याच्या तैनातीला.

लिथियम_सहा

इंधनाच्या प्रश्नावर मी सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहेत.

आधी आनंदाची बाजू. एक किलो डी-टी मिश्रणात ३.४ × १०^१४ ज्यूल. वेकोलिचा (वेस्टर्न कोलफिल्ड्सचा) कोळसा किलोला ३,५०० किलोकॅलरीचा धरला तर हे झालं २३ हजार टन कोळशाबरोबर, साधारण सहा मालगाड्या. ६६० मेगावॅटचा संच पूर्ण भारावर चालला तर दिवसाला दहा हजार टनांच्या आसपास कोळसा खातो, अडीच गाड्या. तेवढीच उष्णता द्यायला डी-टी लागेल ४४० ग्रॅम: पावणेदोनशे ग्रॅम ड्यूटेरियम, बाकी ट्रिशियम. राखेचा बंधारा नाही, वॅगन रिकामी करणं नाही.

ड्यूटेरियमची चिंता खरंच नाही. हायड्रोजनच्या दर साडेसहा हजार अणूंमागे एक ड्यूटेरियमचा असतो. एका घनमीटर पाण्यात ३३ ग्रॅम. समुद्रच हवा असं नाही, गोरेवाड्याचं पाणीही तत्त्वतः चालेल: दिवसाची गरज पाच-सहा हजार लिटरमध्ये, म्हणजे टँकरभर पाण्यात आहे. सगळं काही निघत नाही, पण तंत्र जुनं आहे आणि आपल्याकडे आहे. रायगड जिल्ह्यात थळला जड पाण्याचा कारखाना कधीपासून चालतो.

अडतं ते ट्रिशियमपाशी. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणून निसर्गात त्याचा साठा असा नाहीच. साठवून ठेवलं तरी दर वर्षी साडेपाच टक्के आपोआप नाहीसं होतं. जगातला नागरी साठा पंचवीस-तीस किलोच्या घरात, मुख्यतः कॅनडातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत तयार झालेला. आपला एक संच दिवसाला २६० ग्रॅम घेणार. सगळ्या जगाचा साठा शंभरेक दिवसांत संपला!

म्हणून भट्टीनं आपलं ट्रिशियम आपणच करायचं. प्लाझ्माभोवती लिथियमचं वेष्टण ठेवतात. न्यूट्रॉन लिथियम-६ वर आदळला की हेलियम आणि ट्रिशियम होतात, वर ४.८ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्ट मिळतात. आता हिशोब बघा, इथं सावकाश जा. एक ट्रिशियम जळलं की एकच न्यूट्रॉन मिळतो. त्या एका न्यूट्रॉनातून एक ट्रिशियम परत आलंच पाहिजे. पण काही न्यूट्रॉन पोलाद शोषतं, काही तापवणीच्या खिडक्यांतून निसटतात, डायव्हर्टरच्या बाजूला वेष्टणच लावता येत नाही. तेव्हा न्यूट्रॉन वाढवावे लागतात: शिसं किंवा बेरिलियमवर वेगवान न्यूट्रॉन आदळला की दोन निघतात. नैसर्गिक लिथियममध्ये लिथियम-६ साडेसात टक्केच, म्हणून ते वेगळं काढून समृद्ध करावं लागतं. एवढं सगळं करून गुणोत्तर १.०५ ते १.१ च्या आसपास नेता येईल असं गणित सांगतं. हातात उरतो तो पाच-दहा टक्क्यांचा वाव. पूर्ण आकाराचं असं वेष्टण आजवर कुठल्याही यंत्रात चाललेलं नाही.

वावही पटकन संपतो. प्लाझ्मात घातलेल्या इंधनापैकी एका फेरीत टक्का-दोन टक्केच जळतं. बाकीचं पंपानं ओढून, हेलियम वेगळं करून, समस्थानिकं निवडून परत आत सोडायचं. २६० ग्रॅम जळायला रोज पंधरा-वीस किलो ट्रिशियम फिरवत ठेवावं लागेल. ते एका तासात फिरलं तर आवारात एकावेळी किलोभराच्या आत राहतं. अर्धा दिवस लागला तर आठ-दहा किलो अडकून पडतं, आणि संच सुरू करायला तेवढं उसनं कोण देणार? शिवाय तापलेल्या पोलादातून ट्रिशियम पाझरतं. वेष्टणाच्या नळीतून वाफेच्या बाजूला गेलं तर तिथून परत मिळवणं कठीण, म्हणून नळ्यांवर ॲल्युमिनाचा लेप देण्याचं काम चालू आहे. लेपाला तडा गेला की फायदा संपला.

मला विचाराल तर फ्यूजन वीज म्हणून टिकेल की नाही, हे पंधरा कोटी अंशांवर ठरणार नाही. या वेष्टणावर ठरेल.

त्रिमूर्तीनगर_०७

ताई, मग ट्रिशियम टाळून नुसत्या ड्यूटेरियमवर का नाही चालवत?

लिथियम_सहा

प्लाझ्माच्या नेहमीच्या तापमानाला त्या अभिक्रियेचा वेग शंभरेक पटींनी कमी आहे. तापमान अजून वाढवावं लागतं, तिथं प्रारणानं जाणारी ऊर्जा वाढते. आणि न्यूट्रॉन त्यातही निघतातच.

बॉयलर_ते_बसबार

आता कोराडी.

वाफ, टर्बाइन, जनित्र, कंडेन्सर हे सगळं फ्यूजनमध्येही तसंच राहतं. बदलतो तो बॉयलर. पण आहे त्या टर्बाइनला नवी उष्णता जोडता येणार नाही. ६६० चे संच सुपरक्रिटिकल आहेत, त्यांना साडेपाचशे अंशांच्या आसपासची वाफ लागते. फ्यूजनच्या वेष्टणातून पाणी शीतक घेतलं तर ते ३३० अंशांच्या आतच बाहेर येतं. हेलियम घेतला तर ८० वातावरण दाबाला पाचशे अंशांपर्यंत जाता येतं. याच्यावर जाऊ देत नाही ते वेष्टणाचं पोलाद. साडेपाचशेच्या पुढे ते मऊ पडतं, साडेतीनशेच्या खाली न्यूट्रॉनांच्या माऱ्यानं ठिसूळ होतं. या दोनशे अंशांच्या पट्ट्यात सगळं बसवायचं.

पोलादाचं काय होतं ते सांगतो. १४ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टचा न्यूट्रॉन धातूच्या जाळीतून अणू जागेवरून उडवत जातो. दर चौरस मीटरला एक मेगावॅट न्यूट्रॉनांचा मारा वर्षभर झाला तर प्रत्येक अणू सरासरी दहा वेळा जागेवरून हलतो. त्यातच केंद्रकं फुटून पोलादाच्या आत हेलियम तयार होतो. त्याला बाहेर वाट नाही, तो धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर बुडबुडे करून बसतो आणि वेल्डिंगचे जोड आधी जातात. म्हणून पहिली भिंत आणि वेष्टण काही वर्षांनी बदलावंच लागणार, तेही माणूस आत न जाता, रोबोटच्या हातानं, कापून आणि पुन्हा वेल्ड करून. असं वेष्टण बदलायला सहा महिने संच बंद ठेवावा लागला तर युनिटचा दर कुठं जाईल, याचा अंदाज वीज केंद्रात काम केलेल्या कुणालाही येईल. या ऊर्जेचे न्यूट्रॉन मारून धातू तपासायची सोय स्पेनमध्ये ग्रानाडाजवळ उभी राहते आहे. माझ्या मते तिथले निकाल येईपर्यंत कुठल्याही वीज केंद्राच्या तारखेवर विसंबू नये.

किरणोत्सारी कचरा होणार, पण दीर्घायुषी इंधनकचरा नाही. पोलादातून निकेल, मॉलिब्डेनम, निओबियम काढून त्या जागी क्रोमियम, टंगस्टन, व्हॅनेडियम, टँटलम घातलं तर शंभरेक वर्षांत किरणोत्सार पुष्कळ उतरतो. असं पोलाद भारतानंही बनवलं आहे.

पाणी मात्र तितकंच लागणार. ही उष्णताच आहे, साठ टक्के कंडेन्सरमधून टाकूनच द्यावी लागते. भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी आज औष्णिक केंद्राला जातं, तसंच फ्यूजनलाही लागेल, आणि मे महिन्यात ४५ अंशांना कूलिंग टॉवरची तीच तारांबळ होईल. कोराडीची उपयोगी पडेल ती जागा, पाण्याची सोय आणि उच्चदाबाचं उपकेंद्र. आणखी एक अडचण: टोकामाकचा प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर चालतो, म्हणून तो तुकड्यातुकड्यांत चालतो. सोलेनॉइडमधला प्रवाह बदलायची मर्यादा संपली की थांबून परत सुरुवात. दोन तास वीज, मग विश्रांती. मध्ये टर्बाइन फिरती ठेवायला वितळलेल्या मिठाची टाकी लागेल. स्टेलरेटर प्रकारात क्षेत्राला पीळ बाहेरच्या गुंडाळ्याच देतात, म्हणून हा खंड पडत नाही, पण त्याच्या वेड्यावाकड्या गुंडाळ्या मिलिमीटरच्या अचूकतेनं बनवणं हे वेगळंच काम.

मानकापूर_फिजिक्स

भारताचा वाटा कुठे आहे, हे दोन ओळींत?

धंतोली_प्लाझ्मा

गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून आदित्य टोकामाक, नंतर अतिवाहक चुंबकांचा एसएसटी-१. ईटरचे आपण सदस्य. त्याचा क्रायोस्टॅट, सुमारे ३० मीटर व्यासाचं आणि ३,८५० टनांचं निर्वात भांडं, लार्सन अँड टुब्रोनं हजीराला बनवून तुकड्यांत पाठवला. ईटरचं आता ठरलेलं वेळापत्रक असं: संशोधन २०३४ मध्ये सुरू, डी-टी इंधन २०३९ मध्ये.

उशीर का, हेही पोरांना सांगण्याजोगं आहे. २०२२ मध्ये उष्णताकवचाच्या शीतनलिकांना तडे सापडले. वेल्डिंगच्या जागी क्लोराइडचा अंश अडकून राहिला होता, त्यानं पोलाद आतून खाल्लं. सुमारे २३ किलोमीटर नळी बदलावी लागली. पंधरा कोटी अंशांचं यंत्र नीट न धुतलेल्या जोडापाशी अडतं!

उमेद वाढवणारी गोष्टही आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये एमआयटी आणि कॉमनवेल्थ फ्यूजन यांनी नव्या प्रकारच्या अतिवाहक फितीचा मोठा चुंबक २० टेस्लापर्यंत नेला, तोही २० केल्विनला. प्लाझ्माचा दाब आणि क्षेत्राचा दाब यांचं प्रमाण तेच ठेवलं तर फ्यूजन शक्ती क्षेत्राच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते. क्षेत्र दुप्पट, शक्ती सोळापट. म्हणजे यंत्र लहान करता येतं. पण लहान यंत्रात तेच न्यूट्रॉन कमी भिंतीवर पडतात, हे विसरून चालणार नाही.

मानकापूर_फिजिक्स

सगळ्यांचे आभार. तासाच्या शेवटी पोरांनी स्वतः करावं असं एखादं गणित द्या.

लिथियम_सहा

हे द्या, कॅलक्युलेटरवर पाच मिनिटांचं आहे. अणुवस्तुमानं: ड्यूटेरियम २.०१४१०२, ट्रिशियम ३.०१६०४९, हेलियम-४ ४.००२६०२, न्यूट्रॉन १.००८६६५. आधीची बेरीज ५.०३०१५१, नंतरची ५.०११२६७. फरक ०.०१८८८४. त्याला ९३१.४९४ नं गुणलं की १७.५९ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्ट. मग ०.०१८८८४ ला ५.०३०१५१ नं भागायला सांगा: वस्तुमानाचा ०.३८ टक्के भाग ऊर्जा झाला. चार दशांश स्थळांवरच आकडे तोडले तर उत्तर १७.६१ येतं, दोनच स्थळं घेतली तर १८.६३ पर्यंत जातं. आकडे कुठं तोडायचे, तेही त्यांच्या त्याच पाच मिनिटांत लक्षात येईल.